वजन कोण विचारणार?

आतल्या खोलीत कपाट आणि पलंग यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एक टेबल आहे. खुर्ची जरा मागे सरकवली की पलंगाला आपटते, आणि पलंगावर सासूबाई असतात. टेबलावरून काकू आपली टीम चालवतात आणि पलंगावरून सासूबाई ती ऐकतात.

खरं तर सॉफ्टवेअरच्या कामात कुणी कुणाला काकू म्हणत नाही. पण टीममधला सगळ्यात लहान इंजिनिअर पहिल्याच दिवशी भर मीटिंगमध्ये “हो काकू” म्हणून गेला. बाकीच्या दोघांनी हसू दाबलं. मग काकूच म्हणाल्या, “बोल पुतण्या!” त्या दिवसापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

माणसं तिघं, तीन वेगवेगळ्या शहरांत. काकूंनी त्यांना गळ्यापर्यंतच पाहिलेलं. कोण उंच, कोण बुटका, काही पत्ता नाही. सासूबाईंनी मात्र नुसत्या आवाजावरून त्यांची बारशी उरकली होती. श्वास न घेता बोलणारा तो पुतण्या म्हणजे तुफान. प्रत्येक वाक्य “पण समजा” ने सुरू करणारी ती शंकाबाई. आणि तिसरा, ज्याचा आवाज ऐकायला ग्रहण लागावं लागतं, तो मौनीबाबा.

“अगं, आज मौनीबाबा दोन वाक्यं बोलला!”

“आई, हळू. माइक चालू आहे.”

“असू दे की. कौतुकच केलं ना त्याचं!”

पलीकडून मौनीबाबाचा घसा खाकरल्याचा आवाज आला. “थँक्यू आजी,” तो म्हणाला. तिसरं वाक्य.

तर या चौघांकडे काम आलं होतं रुग्णालयांचं. नवजात बाळांच्या वॉर्डात डॉक्टर औषध लिहितात, बाळाच्या वजनावरून मात्रा ठरते, आणि ती सिस्टरला पडद्यावर दिसते. हे गणित करणारा जुना प्रोग्रॅम इतका म्हातारा झाला होता की त्याला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. लिहिणारे केव्हाच सोडून गेले होते. आत नुसता गुंता. एक धागा ओढावा तर भलतीकडेच गाठ बसावी. नव्याने लिहायचा तर काकूंच्या हिशेबाने वर्ष तरी हवं होतं.

यंत्राने तो एका दुपारी लिहिला.

तिघांनी कामाचे तीन भाग पाडले, प्रत्येकाने आपापल्या एआयला आपला भाग समजावून दिला, आणि जेवून येईपर्यंत काम तयार. काकू ते वाचायला बसल्या आणि वाचतच राहिल्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी हेच काम स्वतःच्या बोटांनी केलेलं. एकेका ओळीशी झुंजताना चहाच्या कपांवर साय धरायची. आणि इथे तो सगळा गुंता कुणीतरी अलगद सोडवून, विंचरून, वेणी घालून समोर ठेवला होता. काकूंच्या अंगावर काटा आला.

“आई, हे बघा.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“नाही कळलं तरी चालेल हो, नुसतं बघा. किती नीट आहे!”

सासूबाईंनी चष्मा चढवून पाहिलं. “तू लिहिलंस?”

“नाही. यंत्राने.”

“मग तुझा चेहरा का असा फुललाय, तूच बाळंत झाल्यासारखा?”

काकू हसल्या. थोडं पोटात दुखलंही, नाही कसं? पण सुंदर ते सुंदर. आकाशाकडे बघताना ते आपण केलं नाही म्हणून कोण हिरमुसतं?

तपासण्याही यंत्रानेच लिहिल्या होत्या. त्या चालवल्या तर वरपासून खालपर्यंत हिरव्या खुणा. शिवाय तिघांनी आपापल्या एआयकडून बाकी दोघांचे भाग तपासून घेतले. सगळ्यांचा निर्वाळा एकच: बिनचूक. वरच्या साहेबांना तर आभाळ ठेंगणं झालं. उद्या सकाळी वॉर्डात चालू करायचं ठरलं. राहिला होता फक्त काकूंचा होकार. तो दिला की पडद्यावर जो आकडा येईल, तेवढं औषध सिस्टर बाळाच्या तोंडात घालणार होती.

“तोंडी घेते आणि सांगते,” काकू म्हणाल्या.

साहेबांनी सुस्कारा सोडला. “मॅडम, ते नाटक आताही करायचं? सगळं हिरवं आहे की हो!”

“जास्त वेळ नाही लागणार, साहेब.”

“एआय वापरायचं वेळ वाचवायला, आणि तुम्ही तो गप्पांत घालवायचा! बरं, घ्या. संध्याकाळी मला होकार हवा.”

तोंडी ही काकूंचीच पद्धत. काम पुरं झालं की पडदे मिटायचे, एआय बंद करायचा, आणि प्रोग्रॅमचा एकेक भाग आपणच व्हायचं. मी अमुक, मला हे मिळालं, मी त्याचं हे केलं, आता तू घे. न बघता. कागद नाही, काही नाही. यंत्र आल्यापासून काकूंच्या लक्षात आलं होतं की माणसं न वाचलेल्या गोष्टीलाही “झालं” म्हणायला लागली आहेत. खोटं बोलत नव्हती बिचारी. त्यांना खरंच झाल्यासारखं वाटत होतं.

“चला, पडदे मिटा,” काकू म्हणाल्या. “तुफान, तू डॉक्टरांनी लिहिलेलं औषध. हो सुरू.”

“मी औषध. मला डॉक्टरांनी आत्ताच लिहिलंय. बाळ दुसऱ्या वॉर्डातून आलंय. मी माझं नाव तपासतो, बाळाचं नाव तपासतो, आणि धावत धावत मात्रेकडे जातो.”

“धावू नकोस, सांडशील.”

“चालत जातो, काकू.”

“मी मात्रा,” शंकाबाईने सूर पकडला. “ये रे औषधा. मला तुझं प्रमाण कळलं. आता बाळाचं वजन घेते, गुणाकार करते आणि आकडा सिस्टरच्या पडद्याकडे पाठवते. पण समजा...”

ती थांबली.

“काय गं?”

“पण समजा, मी वजन घेते ते कुणाकडून? औषधा, तू आणलंस ना?”

“मी? छे! मी नुसतं नाव बघितलं. वजनाची खात्री आधीच झालेली असते.”

“कधी? माझ्याकडे पण हेच लिहिलंय, खात्री आधीच झाली आहे. मला वाटलं तुझ्याकडे झाली.”

“मला वाटलं पडद्याकडे होते. मौनीबाबा?”

मौनीबाबा सिस्टरचा पडदा होता. कुणाच्या तरी शहरात गाडीचा भोंगा वाजला. मग तो हळूच म्हणाला, “मी पडदा. मी सर्वांत शेवटी. माझ्याकडे तयार आकडा येतो. मी वजन कधी विचारलंच नाही.”

“म्हणजे ते बाळ जुन्या वॉर्डातून कधीचं तरी जुनं वजन घेऊन आलं,” काकू सावकाश म्हणाल्या, “आणि आपल्या तिघांतल्या कुणीही त्याला काट्यावर ठेवलं नाही.”

“पण ती ओळ आहे ना काकू!” तुफानचा आवाज चिरकला. “माझ्या एआयने लिहिलीये, खात्री आधीच केली आहे!”

“तो त्याचा अंदाज होता, बाळा. शंकाबाईच्या एआयने तो खरा मानला. मौनीबाबाच्या एआयने दोघांचं वाचून मान डोलावली. तपासण्यांतही सगळी वजनं ताजीच घेतलेली, मग लाल कशा होणार?”

“मी वाचायला हवं होतं.”

“मी तर वाचलंही होतं,” काकू म्हणाल्या. “वाचलं कसलं, बघत बसले होते. देखणं होतं ना!”

पलंगावर मटार सोलत बसलेल्या सासूबाईंचा हात शेंगेवर तसाच थबकला होता. त्यांना प्रोग्रॅम कळला नव्हता. बाळ कळलं होतं.

काकूंनी साहेबांना फोन लावला. “साहेब, उद्या नाही.”

“मॅडम, मी रुग्णालयाला शब्द दिलाय! माझं तोंड कुठे लपवू?”

“माझं नाव सांगा. म्हणा, बाईने अडवलं.”

“आणि यापुढे तुम्हालाच बाजूला करायचं ठरलं तर?”

हे टेबल, हे तिघं, सगळं काकूंच्या डोळ्यांसमोरून गेलं. “तर करा,” त्या म्हणाल्या. “पण आज या आकड्यावर मी हो म्हणणार नाही.”

मग साहेब थकल्या आवाजात म्हणाले, “कारण सांगा. सोप्या शब्दांत. मलाच त्यांना सांगायचंय.”

पुढे जे झालं ते काकू आजही डोळे मोठे करून सांगतात. चौघांनी मिळून एकच प्रश्न तयार केला: कुणाच्या भरवशावर राहू नकोस, प्रत्येक वजन कुठून आलं आणि केव्हाचं आहे ते शोध. तो एआयला विचारला. पापणी लवायच्या आत त्याने सगळ्या वाटा धुंडाळल्या, आपल्याच ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, ही मी गृहीत धरली होती, हिला आधार नाही. लपवाछपवी नाही, रुसवा नाही. तुफान थक्क होऊन म्हणाला, “काकू, याला सगळं माहीत होतं?”

“माहीत नव्हतं. शोधता येत होतं. आपण विचारलं नव्हतं.”

ती ओळ काढून वजन विचारायचं काम पडद्याकडे दिलं, आणि पुन्हा तोंडी झाली. या वेळी साहेबही येऊन बसले, आणि त्यांना बाळ केलं. त्यांनी ते मुकाट्याने केलं.

नवा प्रोग्रॅम वॉर्डात चालू झाला तेव्हा सिस्टरने मोबाइल उशाशी टेकवून त्यांना आतलं दाखवलं. कुणाच्या शहरात ऊन होतं, कुणाच्या शहरात पाऊस लागला होता. काचेच्या पेटीत दुसऱ्या वॉर्डातून आलेलं एक बाळ, मूठभर. सिस्टरने औषध निवडलं. पडदा पुढे जाईना. त्यावर एकच ओळ: बाळाचं आत्ताचं वजन?

“हा थांबला का?” सिस्टर म्हणाली.

“तुमच्यासाठी थांबलाय, सिस्टर,” मौनीबाबा म्हणाला.

तिने दोन्ही तळव्यांवर बाळ उचललं आणि काट्यावर ठेवलं. बाळाने असा काही टाहो फोडला की चारही खोल्यांत लाउडस्पीकर खरखरले. काट्यावरचे आकडे हलले, डळमळले, स्थिर झाले. जुन्या वॉर्डाच्या आकड्यापेक्षा वेगळे. सिस्टरने ते भरले, आणि मात्रा उमटली.

कुणीच काही बोलेना. तुफानसुद्धा नाही. काकूंचे हात टेबलावर आपसूक जोडले गेले होते, देवळात आल्यासारखे.

“आवाज येतोय ना माझा?” सिस्टरने मोबाइल जवळ ओढला. “आहात ना सगळे? मग दुसरं बाळ घेऊ का?”