दारापुढची सायकल

माझी मुलगी परवा चंद्रपूरला जाऊन चेहऱ्यात इंजेक्शनं घेऊन आली. कपाळावरच्या आठ्या गेल्या, गाल टवटवीत झाले, आणि वर मलाच म्हणते, "आई, तूही घे ना." मी तिच्यावर उगाच खेकसले. तिला वाटलं, म्हातारी जुन्या वळणाची. वाटू दे. गालात खुपसलेली सुई मी एकदा जवळून पाहिली आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा माजरीच्या कोळसा खाणीत होते आणि आम्ही क्वार्टरमध्ये राहत होतो. ओळीनं घरं, भिंतीला भिंत. एका घरात फोडणी पडली की चौथ्या घरात ठसका लागायचा. माझ्या ताईच्या डाव्या गालावर लहानपणच्या गळवाचा वण होता. खड्डा नव्हे, फुगवटा. चिंचोक्याएवढा, तसाच तांबूस आणि चकचकीत. ती कुठंही गेली की डावा गाल भिंतीकडे करून बसायची. फोटोही उजवीकडूनच काढलेला.

बल्लारपूरचं स्थळ आलं. मुलगा नोकरीचा, माणसं बरी. पसंती झाली. निघता निघता मुलाची आई म्हणाली, "पोरगी चांगली हाय. गालावरचं तेवढं निघलं असतं तं बरं झालं असतं." लग्न वैशाखात ठरलं. त्या एका वाक्यावर ताई आठ दिवस जेवली नाही धड.

चंद्रपूरला कातडीचा एक डॉक्टर दर रविवारी नागपूरहून यायचा. बाबा आम्हा दोघींना घेऊन गेले. डॉक्टरनं उकळलेली काचेची सिरिंज घेतली आणि सुई थेट त्या गाठीत घातली. गाठ कठीण, औषध आत जाईना, तो अंगठ्यानं रेटत होता. ताईनं माझं मनगट घट्ट धरलं. त्या बोटांचे वळ मी घरी आल्यावर आईपासून लपवले.

काही रविवार गेले आणि गाठ खरोखर बसली. गाल सपाट झाला. ताई उंबऱ्यात डावा गाल रस्त्याकडे करून बसू लागली. ती इतकी हसरी आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. आजही तिची आठवण काढायची तर मी त्या पंधरा-वीस दिवसांचीच काढते.

मग गाठीच्या जागची कातडी पांढुरकी पडली. आधी टिकलीएवढी, मग रुपयाएवढी.

दुसऱ्या मुलखात लोक म्हणाले असते, औषधानं रंग उतरला. आमच्या जिल्ह्यात फिकट चट्टा दिसला की पहिला शब्द महारोग. शाळेत तपासणीवाला माणूस यायचा. सदरे काढून पाठी बघायचा, डोळे मिटायला सांगायचा आणि कापसाच्या टोकानं अंगाला कुठंतरी शिवायचा. जिथं लागलं तिथं बोट ठेवायचं. ज्याचं बोट उठत नसे, तो मागं थांबायचा; महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे शेजारणीनं नळावर विचारलं, "पोरीच्या गालावर चट्टा काऊन दिसून राह्यला वं?" तेव्हा आईच्या हातातली बादली खाली आली.

डॉक्टर म्हणाला, रंग परत येईल, वर्ष लागेल. वैशाखाला दोन महिने होते.

बाबांना लपवाछपवी जमत नसे. शिकलेले नव्हते फार, पण जे असेल ते चारचौघांत दाखवा, असा बाणा. म्हणाले, "लोकायले पुरावा पाह्यजे नं? देऊ पुरावा." आणि सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, सगळी ओळ घरी असताना त्यांनी तपासणीवाल्याला घरी बोलावलं. तो आला. सायकल दारापुढं लावली, हँडलला औषधाची पत्र्याची पेटी. ताई अंगणात बाजेवर डोळे मिटून बसली. कापूस गालाला लागला की तिचं बोट नेमकं तिथं. कितीदा केलं तरी नेमकं तिथं. तो मोठ्यानं म्हणाला, "काई नाई. निरोगी हाय पोरगी." बाबा त्याला वळणापर्यंत पोचवून आले, चेहरा कसा उजळलेला.

भोळा माझा बाप! तपासणीवाला काय म्हणाला ते कोणी ऐकलंच नाही. लोकांनी पाहिली ती दारापुढची सायकल. ती ज्याच्या दारी लागते त्याच्या घरात काय असतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. संध्याकाळी शेजारणीनं आमची नेलेली वाटी परत केली. हातात दिली नाही, उंबऱ्याबाहेर ठेवली. बातमी सकाळच्या पॅसेंजरनं बल्लारपूरला गेली. आठवड्यात निरोप आला, यंदा लग्न नको. बाबा वर्षभर येईल त्याला सांगत राहिले, "पन त्यानं निरोगी म्हटलं नं!"

रंग खरंच भरून आला. गाठ नाही, चट्टा नाही; तिच्यासारखा गाल ओळीत कोणाचा नव्हता. पण ताईचा आता स्वतःवरच विश्वास राहिला नाही. वातीचा कापूस घेऊन माझ्यामागं लागायची, "कर नं एकडाव." मी चिडायची, पण करायची. ती डोळे मिटायची, बोट उचलायची, मग दिवसभर ठीक. पुढं दोन स्थळं आली, दोन्ही तिनंच नाकारली. शिवणयंत्रावर तिनं आयुष्य काढलं. माझ्या लग्नानंतरही मी माहेरी गेले की चहाच्या आधी कापूस यायचा. कधी ती एकटीच खिडकीत डोळे मिटून, बोट वर धरून बसलेली दिसायची.

गेल्या वर्षी तिला लकवा मारला. डावं अंग गेलं. दवाखान्यात तिनं नजरेनंच ड्रेसिंगचा कापूस दाखवला. मला नको होतं, पण तिनं डोळे मिटून घेतले होते. मी डाव्या गालाला कापूस लावला. उजवं बोट तयार होतं. ते उठलं नाही. मी पुन्हा लावला, दाबून लावला.

"लावला का?" तिनं विचारलं.

"हा लकवा आहे गं ताई," मी म्हटलं. "डॉक्टरनं सांगितलं नं."

तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. डोळे न उघडता, वाकड्या झालेल्या तोंडानं तिनं एकच विचारलं, "बाहेर कोनाची सायकल तं नाई नं लागली?"

आणि मी उठून खरंच खिडकीतून खाली पाहिलं.