हवालदारांचा विषय

खेळ संपला की पथकातली माणसं आधी पाणी शोधतात. आमचे हवालदार आधी माणूस शोधायचे. आमच्या कमरेचे ढोल अजून उतरलेलेही नसायचे, तोवर ते गर्दीत शिरून कुणातरी अनोळखी माणसापुढं जाऊन उभे राहिलेले असायचे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पाठ इतकी ताठ, की समोरच्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकलंय.

"पावणं, काय कळलं तुमास्नी?"

"लई भारी वाजिवलं की," तो माणूस म्हणायचा.

"ते ऱ्हाऊ द्या. कळलं काय?"

माणूस इकडंतिकडं बघायचा, बायकोला हाक मारल्यासारखं करायचा आणि सटकायचा. हवालदार दुसरा गाठायचे. असे पाचसहा जण विचारून झाले की आमच्यात येऊन बसायचे आणि बुटाच्या नाड्या सोडत म्हणायचे, "कुणाला काय कळलं न्हाय."

हवालदार हे आमचं मागचं बोलणं. तोंडावर सगळेच त्यांना मामा म्हणायचे. उभी नोकरी पोलीस बँडात मोठा ढोल वाजवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी कळंब्यात, तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर, दोन खोल्यांचं घर बांधलं. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि त्यांची बायको, आमच्या काकी, दोघंच. नोकरीबद्दल फारसं बोलायचे नाहीत. बोलले तर एवढंच, "आयुष्यभर सलाम्या वाजिवल्या. आज ह्या सायबाची, उद्या त्या सायबाची. कोण हाय, कशापायी हाय, इचारायचं न्हाय. हात चालवायचा." हात चालवून चालवून बहुधा डोक्यात काहीतरी साठत गेलं असावं. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत त्यांनी आमच्या कॉलनीतली पोरं-पोरी गोळा केली आणि झांजपथक उभं केलं.

मी अकरावीला होते. ताशा वाजवायची हौस होती, पण आईचा ठाम नकार होता. हवालदार स्वतः घरी आले. खुर्चीच्या अगदी कडेला बसले, चहाला नको म्हणाले आणि आईला म्हणाले, "पोरीचा हात चांगला हाय. तुमी न्हाय म्हटलं तर मी जातो. पण हात वाया जाईल." दुसऱ्या दिवशी माझ्या गळ्यात ताशा आला आणि पुढची सात वर्षं तो उतरला नाही.

कोल्हापुरात पथकांना तोटा नाही. मिरवणूक असो, स्वागत असो, जयंती असो, ढोल घुमला की लोक नाचायला लागतात आणि तेवढ्यासाठीच पथकाला बोलावतात. हवालदारांना ते पटत नसे. दरवर्षी आमच्या खेळाला एक विषय असायचा. त्यासाठी त्यांची चौकोनी रेघांची वही होती. ढोलाला काळा ठिपका, ताशाला लाल, झांजेला निळा. कुणी कुठून यायचं, कुठं वळायचं, कुठं थांबायचं, हे सगळं बाणांनी दाखवलेलं. एका वर्षी विषय होता 'माहेर'. लग्न झालेली पोरगी घर सोडून निघते आणि घर तिच्या मागं मागं येतं, असं काहीतरी. लोकांना ते कवायतीसारखं वाटलं. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

दुसऱ्या वर्षी 'विहीर'. मला आजही तो त्यांचा सगळ्यात चांगला खेळ वाटतो. आम्ही चाळीस जण गोल करून मैदानात यायचो आणि ढोल दणाणायचे. मग गोल आत आत सरकायचा, आवाज खाली खाली जायचा, एकेक ढोल थांबायचा. शेवटी फक्त माझा ताशा उरायचा, तोही एका काडीवर, टक टक टक. विहीर आटली. एका मंडळाच्या कार्यक्रमात आम्ही इथवर आलो, मैदानात खरोखर चिडीचूप झालं. आणि व्यासपीठावरून अध्यक्ष माइकवर म्हणाले, "पोरं दमल्यात. जरा सरबत द्या त्यांना." कार्यकर्ते ट्रे घेऊन थेट आमच्या गोलात घुसले. मी टक टक वाजवत राहिले आणि एक जण माझ्यापुढं ग्लास धरून उभा. हवालदार कडेला होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि मान खाली घातली. त्या दिवशी त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही.

मग त्यांनी सांगून बघायचं ठरवलं. खेळाआधी मी माइकवर दोन पानं वाचायची. लोक गप्पा मारायचे आणि मागून कुणीतरी ओरडायचं, "वाजवा की आता." मग छापील कागद वाटले. लोकांनी ते अंथरले आणि त्यावर बसून खेळ बघितला. संजा म्हणून आमचा ढोलवाला होता, पथकातला सगळ्यात जुना. त्यानं कार्यक्रमानंतर ते कागद गोळा केले आणि हवालदारांना दिसू नयेत म्हणून शर्टात कोंबले. पण त्यांनी पाहिलेच.

एकदा सराव संपल्यावर मी धीर करून म्हणाले, "मामा, लोकांना कळायलाच पायजे काय? त्यांच्या अंगावर काटा आला तर पुरे की."

"काटा थंडीनंबी येतोय," ते म्हणाले आणि सायकल काढून निघून गेले.

मला राग आला होता. आम्ही घाम गाळतो, लोक खूश होतात, हे त्यांना का पुरत नाही? संजा म्हणायचा, "म्हातारा हट्टी हाय." ते खरंच होतं. पण तो हट्ट मानासाठी नव्हता, हे मला फार नंतर उमगलं. आपण बोलतोय आणि समोरचा नुसताच मान हलवतोय, याची त्यांना भीती वाटायची.

'विहीर' आम्ही पुन्हा एकदा केला, पेठेतल्या एका चौकात. खेळ संपल्यावर हवालदार नेहमीसारखे गर्दीत गेले आणि भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या एका म्हातारीपुढं थांबले. ती पदरानं डोळे पुसत होती. मी त्यांच्या मागंच होते.

"मावशी, काय कळलं?"

"माझा ल्योक आठवला," ती म्हणाली. "असाच हळूहळू बोलायचा कमी झाला. मग एक दिस निघूनच गेला."

हवालदारांनी तिच्याकडून कोथिंबिरीची जुडी घेतली आणि ती तशीच हातात धरून परत आले. "इहिरीत तिचा ल्योक कुठनं आला?" त्यांनी मला विचारलं. आठवडाभर ते सरावाला आले, पण वही उघडली नाही. कडेच्या कट्ट्यावर बसून आम्ही जे वाजवू ते ऐकत राहिले.

त्यानंतर पुढच्या खेळाची तयारी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "यंदा विषय सांगणार न्हाय. लोकास्नीबी न्हाय, तुमास्नीबी न्हाय. तुमी वाजवा. शेवटी मी एकेकाला इचारणार, तुला काय वाटलं. मग माझं सांगतो."

इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रोज थोडं थोडं शिकवायचे. आम्ही तीन बाजूंनी तीन टोळ्यांत यायचो, तिन्हींचे ठेके वेगवेगळे, कानाला टोचणारे. मग हळूहळू ते एकमेकांत मिसळायचे आणि एकच चाल व्हायची. संजा म्हणायचा, ही निवडणूक आहे. एकीला वाटायचं, नद्यांचा संगम. मला वाटायचं, भांडणं मिटवून एकत्र आलेलं घर. आम्ही पैजा लावायचो आणि हवालदार ऐकून नुसते हसायचे. खेळाचा शेवट तेवढा शिकवायचा राहिला होता.

कार्यक्रमाला पंधरा दिवस होते. सकाळी अंघोळीहून बाहेर येताना ते दारातच पडले. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते शुद्धीत होते, आम्हाला ओळखत होते, पण बोलणं गेलं होतं. एकच शब्द उरला होता, "न्हाय". पाणी हवं का, न्हाय. उशी वर करू का, न्हाय. डॉक्टरांनी काकींना समजावलं, "त्यांना सगळं समजतं. पण हो म्हणायचं असलं तरी तोंडातून तेच येईल. मान हलवली तरी त्यावरही जाऊ नका."

काकींनी वही आणून दिली. शेवटच्या पानावर सगळे ठिपके एकत्र आलेले होते. त्यांच्यापासून दूर, पानाच्या कडेला, एकच ठिपका होता, पेन्सिलीचा. त्याला रंग नव्हता. त्याच्यापासून निघालेला बाण अर्ध्यातच थांबला होता. बाण ठिपक्यांकडं येत होता की लांब जात होता, तेही कळेना, कारण टोक काढलेलं नव्हतं.

मी आणि संजा त्यांच्या कॉटशेजारी बसलो. संजानं वही त्यांच्या डोळ्यांपुढं धरली.

"मामा, हा ढोल हाय?"

"न्हाय."

"ताशा? झांज?"

"न्हाय. न्हाय."

"माणूस हाय काय कोण? तुमी हाय काय?"

"न्हाय," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरले. आम्ही आमचे सगळे अंदाज सांगून टाकले. निवडणूक, संगम, घर. प्रत्येकाला न्हाय. त्यातलं एखादं बरोबरही असेल. मग त्यांनी डावा हात उचलला आणि कॉटच्या लोखंडी पट्टीवर बोटांनी वाजवू लागले. मी काकींकडून स्टीलचं ताट घेतलं आणि तसंच वाजवून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाजवलं. मी पुन्हा वाजवलं. मला दोन्ही सारखंच ऐकू येत होतं, त्यांना येत नव्हतं. शेवटी त्यांनी माझ्या हातातल्या ताटाला धक्का दिला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यांच्या खांद्यांकडं बघून ते रडत आहेत हे समजत होतं.

"बास करा," काकी म्हणाल्या. "दमल्यात ते."

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, चौथ्या दिवशी पुन्हा. त्यापलीकडं आम्हाला काही सुचत नव्हतं. पुढं पुढं ते वही दिसली की डोळे मिटून घ्यायचे.

खेळ रद्द करावा असं मला वाटत होतं. संजानं ऐकलं नाही. शेवट आम्हीच बसवला. सगळे एक झाल्यावर मी बाजूला निघून जायचं, एकटी, न वाजवता. बाकीच्यांनी ठेका धरून माझ्याकडं बघत राहायचं. कार्यक्रमाच्या दिवशी काकींनी त्यांना रिक्षातून आणलं. रिक्षा मैदानाच्या तोंडाशी उभी राहिली. खेळ कधी नव्हे इतका रंगला. मी चालत कडेला गेले तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं होतं. एक बाई धावत आली आणि तिनं माझा हात घट्ट धरला. तिला काय वाटलं, मी विचारलं नाही. मला रिक्षाकडं जायचं होतं.

हवालदार मागच्या सीटवर एका बाजूला कलंडून बसले होते. अंगात तोच पांढरा शर्ट. मी खाली वाकले आणि म्हणाले, "मामा, असंच होतं काय?"

"न्हाय," ते म्हणाले.

त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि पुन्हा म्हणाले, "न्हाय." रागानं म्हणाले की मायेनं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काकींनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि रिक्षावाल्याला निघायला सांगितलं.

त्यानंतर ते दोन वर्षं होते. मला गारगोटीच्या कॉलेजात नोकरी लागली, तिथंच खोली घेतली. सुट्टीला आले की त्यांच्याकडं जायची. पेपर वाचून दाखवायची, काकींना भाजी निवडून द्यायची. विषयाबद्दल आम्ही कुणीच बोलत नव्हतो. त्यांना ऐकू येईल अशा अंतरावर सरावही करत नव्हतो. पथक तसं विस्कटलंच होतं. पोरं कामाधंद्याला लागली, पोरींची लग्नं झाली.

एका मंगळवारी रात्री संजाचा फोन आला. मी सकाळी कळंब्याला पोचले तेव्हा घरासमोर जुने सगळे जमले होते. कुणी पुण्याहून रातोरात निघून आलेलं, कुणी लेकराला कडेवर घेऊन. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी बहुतेकांनी ढोल-ताशे आणले होते. हवालदारांना वाजवत न्यायचं, हे सगळ्यांच्या मनात होतं. आम्ही ओळी धरल्या, पट्टे आवळले. पुढून तिरडी उचलली गेली आणि सगळ्यांनी संजाकडं पाहिलं.

संजा माझ्याजवळ आला. "काय वाजवायचं?" हळूच म्हणाला.

'विहीर' म्हणावं तर ती भाजीवाली आठवली. शेवटचा खेळ म्हणावं तर तो त्यांचा होता की आमचा, कुणास ठाऊक. सलामी तर त्यांनी जन्मभर वाजवली होती, तीही न विचारता. माणसं पुढं चालू लागली होती.

आम्ही तसेच निघालो. चाळीसेक जण, ढोल कमरेला बांधून, काठ्या हातात, ओळी सोडल्या नाहीत आणि एकही टोला नाही. दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. वळणावर एक मोटरसायकलवाला थांबला, थोडा वेळ बघत राहिला आणि मला म्हणाला, "ढोल हायत की एवढं. मग वाजवत का न्हाईसा?"

मी त्याच्याकडं बघितलं. ताशा पोटाशी धरून मी ओळीतून पुढं चालत राहिले.