देवी काढायला गेले होते

आमच्या जोगेश्वरीच्या चाळीत शेवटच्या खोलीत एक चित्रकार राहतात, कॅलेंडरची चित्रं काढतात. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो. गेल्या महिन्यात त्यांना वनदेवी काढायची होती आणि मामी मला म्हणाली, "तू उभी राहा ना गं, केस आहेत तुझे." मी एका पायावर तयार.

म्हणजे काय करायचं, तर केस मोकळे, एक खांदा उघडा, डोक्यात आरेच्या नव्या दूध कॉलनीतून आणलेली पानं, आणि उजवा हात वर, जणू फांदी धरलीय. फांदी कुठली, आढ्याला बांधलेली सुतळी. मामा आधी कोळशाने नुसता हातच काढत बसले. मग रंग. दंडाच्या सावलीत त्यांनी चक्क हिरवा लावला, मला वाटलं वाट लागली, पण लांबून बघितलं तर झकास, खरंच झाडाखाली उभी असल्यासारखी. चेहरा मात्र माझा नाही, तो मामा मनातला घालणार असं ठरलेलं. पानं सुकली की मामी पाणी शिंपडायची, ते मानेवरून खाली जायचं, मला हसू यायचं. मामा म्हणायचे, "हसू नकोस गं, देवी आहेस."

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगायची सोय नव्हती. उघडा खांदा म्हटल्यावर संपलंच. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "दुपारची कुठे असतेस?"

"मामांकडे. देवी काढतायत."

खोटं नव्हतं ना. पण तेव्हा पलीकडच्या चाळीत देवीच्या रोगाची साथ होती, दंडावर लस टोचून घेण्यालाही देवी काढणंच म्हणतात, आणि अण्णांना वाटलं, मामांकडे टोचणारा आलाय.

"बरं केलंस. हात दुखतोय?"

दुखत होताच, वर धरून धरून. मी हो म्हटलं.

"दाखव, उठल्या का बघू."

"हात नका लावू, चिघळेल," आई म्हणाली, आणि तिने फडकं गरम करून माझा खांदा शेकला. मी गप्प शेकून घेतला.

शनिवारी अण्णांचं ऑफिस अर्धा दिवस. मी सुतळी धरून उभी, आणि दारात अण्णा. सदऱ्याची बाही पार वरपर्यंत दुमडलेली. "म्हटलं, माझ्याही काढून घ्याव्या," ते मामांना म्हणाले, आणि मग त्यांना मी दिसले.

मामांना काही कळेना. "तुमची देवी काढू?"

मामीला आधी उलगडलं, ती हसत सुटली, मग मामा, आणि मीपण हसले. का हसले, माहीत नाही. हात वर, डोक्यात पानं, आणि वडिलांना हसतेय. शेवटी अण्णाही जरा हसले. "असं होय," म्हणाले. बाही खाली ओढली, बटण लावायला गेले तर बोटांना काज सापडेना. तसेच गेले.

आईला त्यांनी काहीच सांगितलं नाही. चित्र पुरं झालंय, लोक छान म्हणतात, माझ्याच्याने बघवत नाही. आणि अण्णा आता, मी चप्पल घालायला लागले की पेपर वर धरतात. कुठे निघालीस, विचारत नाहीत.