धुऱ्यानं चालणारा सैनिक

कॉलेज संपून वर्ष होत आलं होतं. घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. गावी, पारशिवनीला गेलो की भेटेल तो विचारायचा, "लागला का गा कुठं?" माझ्या मागे याचं उत्तर आईला द्यावं लागायचं. शेवटी नागपुरातल्या एका कंपनीची मुलाखत आली. ती हातची गेली तर तिथली खोली सोडून गावी परतायचं, असं मी ठरवलं होतं.

कंपनी लहानशी होती. बाजारात येण्याआधी व्हिडिओ गेम खेळून पाहायचे आणि त्यांतल्या चुका शोधायच्या, हे तिथलं काम. मी तर कधी गेम खेळलोच नव्हतो. खोलीवरच्या मित्राने आठ दिवस त्याचा लॅपटॉप माझ्या हवाली केला. शेजारी बसून शिकवलं, आणि मनसोक्त हसलाही. "बंदूक आभाळात काहून धरून राहिला बे? कावळे मारतं का?"

मुलाखतीतला गेम दुसऱ्या महायुद्धाचा निघाला. पडद्यावर आपले फक्त दोन हात आणि बंदूक. समोर पिकलेल्या गव्हाचं शेत, पलीकडे फ्रान्समधलं एक गाव, आणि तिथून सुटणाऱ्या गोळ्या. तासाभरात दिसतील त्या चुका कागदावर लिहायच्या होत्या.

बाकीची मुलं गव्हातून धावत सुटली. मी कडेला वळलो आणि धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, चालू लागलो. काही ठरवून नाही. माझी आई लोकांच्या वावरात तण निंदायला जायची. लहानपणी तिच्या मागे जाताना एकदा माझा पाय उभ्या हरभऱ्यात पडला, तेव्हा तिने दंडाला धरून मला बाहेर ओढलं होतं. "दुसऱ्याचं पीक हाय. धुऱ्यानंच जाजो."

बांधावर आडोसा नव्हता. मी नऊ वेळा मेलो. दहाव्या वेळी कसाबसा टोकाच्या दगडी कुंपणापर्यंत पोचलो, आणि माझ्या पायांखालची जमीनच गेली. सैनिक निळ्या पोकळीत खाली खाली पडत राहिला. तो मरेना, गेमही संपेना. वेळ मात्र संपली.

शेजारच्या मुलाचा कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. माझ्या कागदावर एकच ओळ होती: बांधाच्या टोकाला जमीन नाही.

परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी ती ओळ वाचली आणि स्वतः माझ्या खुर्चीत बसल्या. बांधावरून गेल्या, पडल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा पडल्या.

"महिनाभर आम्ही हेच खेळून राहिलो," त्या म्हणाल्या. "सगळे गव्हातूनच पळतात. तू काहून नाही पळाला?"

खोटं सुचलं नाही. "मॅडम, गहू तुडवला गेला असता."

मला वाटलं, आता हसतील. त्या हसल्या नाहीत. माझा कागद त्यांनी वेगळा काढून ठेवला. "सोमवारपासून ये."

जिन्यातूनच आईला फोन लावला. नोकरी लागल्याचं सांगितलं, कशी लागली तेही सांगितलं. गेम म्हणजे काय ते तिला कळलं नाही. वावर तेवढं कळलं.

"मंग पिकात पाय नाही न टाकला?"

"नाही वं माय. धुऱ्यानंच गेलो."

"मालक काही बोलला?"

"नाही."

"हं," ती म्हणाली.

आता नवा गेम हाती आला की मी आधी कडेकडेने एक फेरी मारतो. सोबतचे थट्टा करतात. करू देत. आईने शिकवलेली वाट आहे ती.