घराआधीचा मलिदा

पनीनाबाई झिराडकर माझी शेजारीण. शेजार कसला, आमच्यामध्ये भिंत म्हणून एक कांबळं टांगलेलं होतं. साल १९६३. इस्रायलमधल्या बेर्शेबाच्या कडेला एका पत्र्याच्या बराकीत, घर मिळेपर्यंत ठेवलेली, भारतातून आलेली आम्ही अकरा बेने इस्रायली कुटुंबं. पनीनाबाईंचा नवरा सायमन दिवसभर दुसऱ्यांची घरं बांधायचा आणि संध्याकाळी बराकीत येऊन पडायचा.

कांबळ्याआड चार पोरं वाढवणं म्हणजे चेष्टा नव्हे. बाई मराठीत ओरडायच्या, पोरं हिब्रूत उलट उत्तरं द्यायची आणि माझी फुकट करमणूक व्हायची. पण थंडी सुरू झाली, धाकट्याचा खोकला काही केल्या हटेना, तेव्हा माझंही हसू आटलं. त्या पोराला पक्कं छप्पर हवंच होतं.

घर मिळालं तर मलिदा करीन, असा नवस बाईंनी आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, बोलला होता. त्यासाठी ठाण्याहून मागवलेले पोहे मात्र आता फार दिवस टिकणार नव्हते.

"अगो, नवस काम झाल्यावर फेडायचा," सायमन म्हणाला.

"आधीच फेडला तर त्याला कामाची आठवण तरी ऱ्हाईल!"

झाला मलिदा. पोहे, गूळ, खोबरं, वर खजूर नि संत्री. नेमका तेव्हाच घरवाटप कचेरीचा साहेब पाहणीला आला. एवढं ताट कशाचं, त्याने हिब्रूत विचारलं. बाईंच्या नऊ वर्षांच्या लेकीने, झिवाने, तिच्या परीने खरं तेच सांगितलं, "घर मिळाल्याचा नवस आहे." घर मिळालंच असं समजून साहेबाने अभिनंदन केलं, दोन मुठी मलिदा खाल्ला आणि घराची वाट पाहणाऱ्यांच्या यादीतून त्यांचं नाव खोडलं. बाईंना हिब्रू बेताचंच. साहेब खूश दिसतोय म्हणून त्यांनी त्याचे खिसेही खजुरांनी भरले.

आठवड्याने झिवाने नवी यादी वाचली; त्यांच्या नावावर काट आणि पुढे 'घर दिलं' असा शेरा. "आई, आपल्याला घर मिळालंय म्हणे!"

बाई ढसाढसा रडल्या. मलाही भडभडून आलं. सकाळी मात्र त्यांनी वळकट्या बांधल्या आणि चारी पोरं घेऊन थेट कचेरी गाठली. असला तमाशा मी कशी चुकवीन?

"झिवा, सांग त्याला. घर दिलं असं तूच लिवलंस. कुठं हाय ते दाखव, तवर आम्ही हितंच ऱ्हातो."

साहेबाच्या खुर्चीमागे अंथरूण पडलं. दोन कपाटांच्या मध्ये दोरी बांधून लंगोट वाळत घातले गेले. दुपारपर्यंत कागदपत्रं इकडून तिकडे धावली आणि साहेब स्वतः किल्ली घेऊन आला.

किल्ली कनवटीला लावूनही बाई जागच्या हलेनात. धाकटा कचेरीच्या उबेत कितीतरी दिवसांनी न खोकता झोपला होता. तो उठेपर्यंत त्यांनी साहेबासकट सगळ्या कचेरीला कुजबुजत बोलायला लावलं.