साडूभाऊ आणि माझी किटली

विजेला आमच्या साडूंइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि हे कळायच्या आधीच मी घोळ घातला. तीर्थपुरीला मेव्हणीच्या साखरपुड्यात एक गृहस्थ पंख्याच्या बटणाशी खाटखूट करत उभे दिसले. मंडपवाल्याचा वायरमन समजून मी त्यांना स्टुलावर चढवलं. त्यांनी मुकाट्यानं पंखा दुरुस्त केला, हात धुतले आणि पाटावर जाऊन बसले. नवरदेव तेच होते.

मोठमोठी दुकानं, दवाखाने, मंगल कार्यालयं वीज कुठं वाया घालवतात ते शोधायचं आणि त्यांची यंत्रं ताळ्यावर आणायची, हा साडूंचा धंदा. आमच्या घरी आले तरी प्रकृती आधी फ्रिजची विचारतात. मागं तळहात लावून डोळे मिटून उभे राहतात. टेंभुर्णीच्या एका लग्नात भर दुपारी जळणारे फोकस त्यांना बघवेनात. त्यांनी गुपचूप बंद केले, मुलीच्या बापाला वाटलं लाइट गेली, त्यानं जनरेटर चालू केला. साडू अक्षता न टाकताच बाहेर जाऊन बसले. स्वतःच्या घरी एक कूलर, तोही पाहुणा आला तरच. "यंत्राला बी विसावा पाहिजे, साडूभाऊ," म्हणतात.

मी मॅनेजर आहे त्या चार मजली कापड दुकानाचं काम मीच त्यांना मिळवून दिलं. हे जमलं तर शेठची बाकीची दोन दुकानंही त्यांनाच मिळणार होती. आठ दिवस त्यांनी एसीच्या जाळ्या धुतल्या, दारांच्या फटी बुजवल्या. तरी तळमजल्याचा एसी क्षणभर थांबेना. साड्या बघायला आलेल्या बाया शाली मागू लागल्या. शेठ गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, "बिलकुल फरक न्हाई. नुसती फसवाफसवी."

साडू भिंतीवरच्या, तापमान मोजून एसी चालू-बंद करणाऱ्या डबीपाशी गेले. डबीखाली माझं टेबल, आणि टेबलामागं, खोक्यांच्या आड, माझी चहाची इलेक्ट्रिक किटली. दुकानात किटलीला शेठची सक्त मनाई. पण मला तासातासाला चहा लागतो. वाफ थेट डबीवर जायची आणि ती बिचारी दिवसभर समजायची की दुकान तापलंय. साडूंनी किटलीला तळहात लावला. माझ्याकडं बघितलं. मी एका पैठणीची घडी घालू लागलो.

"शेठ, डबीची जागा चुकलेली. ते बघायचं राह्यलं माझ्याकडून," ते म्हणाले आणि डबी काढून पलीकडच्या खांबावर लावली. थोड्या वेळात एसी थांबला. पण शेठचं मन उडालं ते उडालंच. बाकीची दुकानं त्यांनी दुसऱ्याला दिली. मी तोंड उघडलं नाही. जाताना साडूंनी खोकी जराशी सरकवली आणि माझी किटली नीट झाकून ठेवली. ते काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही.

घरी बायकोला सगळं सांगितलं आणि म्हणालो, रविवारी त्यांना जेवायला बोलवू. ती मेथी निवडायची थांबली.

"आधी शेठकडं जाऊन या," ती म्हणाली. "आधी जेवायला बोलावलं तर पाव्हणे म्हणतील जाऊ द्या, अन् तुम्ही जाऊ द्याल."