माय भेटायला येत होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

आयुष्यभर मी नागपुरात तत्त्वज्ञान शिकवलं. माझ्या नावावर एकच विचार आहे, आणि लोकांना तो फार आवडतो: माणूस विचार करू लागतो तो प्रेमाने नाही, प्रेमाच्या अभावाने. हे सुचलं कुठून, असं व्याख्यानात कुणी विचारलं की मी बोलता बोलता आमच्या सौंसरच्या संत्र्याच्या बागेत शिरायचो. बहार धरण्याआधी झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, आणि मग झाड फुलांनी लगडतं. इथे मी आवाज जरा खाली आणायचो — माझ्या आईनेही मला असाच ताण दिला. लहानपणी पांढुर्ण्याला मामाकडे शिकायला ठेवलं, आणि कधी भेटायला आली नाही. सभागृह कसं गप्प व्हायचं! मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

पण ताणानंतर पाणी सोडावं लागतं, तेव्हाच झाड फुलतं. सौंसरचं शेंबडं पोरही हे जाणतं. मग मीच ते सांगायचं का गाळत होतो?

कारण माय येत होती.

दर बाजाराच्या दिवशी बसने यायची. शाळेच्या फाटकाशी उभी राहायची, मी दिसलो की सगळ्यांसमोर कवटाळायची, रडायची. पोरं चिडवायची. मग मी लपू लागलो — शाळेमागच्या भिंतीआड, तिची परतीची बस जाईपर्यंत. ती संत्री पदराने पुसून चपराशाकडे ठेवून जायची. संत्री मात्र मी खायचो.

विचार खरा ठरावा म्हणून मी बालपण बदललं, आणि मग त्या बदललेल्या बालपणाला शोभेल असा जगलो. कोरडा, कुणाची वाट न पाहणारा. सणावारालाही गावी जायचो नाही. माय फोनवर म्हणायची, "कामात असशील रे बाप्पा."

पुढे सौंसरलाच माझा सत्कार झाला. माय पहिल्या रांगेत बसलेली, आणि मी — सवयीने म्हणा, भीतीने म्हणा — तेच सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर शेजारच्या काकूंनी तिला माझ्यादेखत विचारलं, "काऊन वं, पोराले खरंच भेटाले गेली नाही तू?"

मायने माझ्याकडे पाहिलं.

"नाही गेली," ती म्हणाली. "मन घट्ट करून टाकलं होतं म्या. बरोबर सांगून राह्यला तो."

तेव्हा तरी तोंड उघडता आलं असतं, नाही का? मी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि गाडीकडे निघालो.

त्यानंतर ती सगळ्यांना तेच सांगत राहिली. मागल्या उन्हाळ्यात गेली. माझी मुलं म्हणतात, आजी फार कडक होती — मी ऐकून घेतो. हल्ली बाजाराच्या दिवशी पांढुर्ण्याला जातो. बसमधून बायका पिशव्या सांभाळत उतरतात, मी एकेकीचं तोंड पाहतो. तिची आठवण येते. इतकी येते की शाळेच्या फाटकापर्यंत चालत जातो आणि तिथे उभा राहतो.

माझी माय कडक नव्हती. ती येत होती. मी भिंतीआड होतो, आणि तिच्या हाका मला ऐकू येत होत्या.